मास्तरांचा डावा हात

माझे हात स्वस्थ बसत नाहीत. दुसरं कुणी एखादं काम हळूहळू करताना दिसलं की ते काम त्याच्या हातून काढून घेतल्यावरच मला बरं वाटतं. माझा नवरा सखाराम बुटाची नाडी बांधायला वेळ लावतो म्हणून मी रोज त्याच्यावर ओरडते. "एक दिस तू माका न्हाऊक पण घालशीत," तो म्हणतो. घातलंही असतं. धंदाच तो आहे माझा.

डिचोली बाजारापासून रिक्षाने दहा मिनिटांवर म्हाताऱ्या माणसांचं एक निवासगृह आहे, तिथं मी मदतनीस आहे. चौदा माणसं, सकाळच्या पाळीला आम्ही दोघी, आणि आमच्यावर एक नर्स. खाणी बंद झाल्या, सखारामचा ट्रक दारात उभा राहिला, तेव्हा वाळपईला जाऊन मी सहा महिन्यांचा कोर्स केला. लुळ्या हाताची बाही आधी घालायची, काढताना शेवटी काढायची. खुर्ची ठेवायची ती माणसाच्या चांगल्या बाजूला. उठवताना बगलेत हात घालून ओढायचं नाही, कमरेला पट्टा बांधायचा आणि तो धरायचा. अंगाला हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं. यात मला कुणी हरवून दाखवावं. आठ वाजायच्या आत माझी सातही माणसं धुतलेली, विंचरलेली, चहापाव झालेली असतात. कोर्समध्ये एक धडा असाही होता की माणसाला जे स्वतः करता येतं ते त्यालाच करू द्यावं, आपण नुसतं शेजारी बसावं. परीक्षेत त्यावर मी दीड पान लिहिलं. नंतर तो धडा मला आठवलाही नाही, कारण नुसतं बसणं मला जमत नाही.

जूनमध्ये आमच्याकडे नारायण मास्तर आले.

मास्तर मूळ पार्सेचे, पण त्यांची नोकरी आमच्या पाळी गावच्या मराठी शाळेत झाली. माझा बाप दोडामार्गहून खाणीवर मजुरीला आलेला. त्याच्या खोपीच्या दारात उभं राहून, माझ्याकडे बोट दाखवत, "ह्या चेडवाक फाल्यापासून शाळेत धाड" असं बजावणारा पहिला माणूस म्हणजे मास्तर. बाप त्यांच्यासमोर नुसता मान हलवत राहिला होता. तिसरीला मी त्यांच्या वर्गात गेले, आणि तिथंच त्यांनी माझा डावा हात बांधला.

मी जन्माची डावखुरी. पाटीवर लिहायचं ते डाव्याने, घास घ्यायचा तो डाव्याने. मास्तरांना ते खपायचं नाही. आधी पट्टीने मारून बघितलं, मग एक दिवस स्वतःच्या रुमालाने माझं डावं मनगट बाकाच्या दांडीला बांधून ठेवलं. वर्षभर रोज. डबा खायच्या सुट्टीतसुद्धा सोडायचे नाहीत. "डावो हात कित्याक आसता ता ठावक आसा मगे तुका?" असं विचारायचे आणि अख्खा वर्ग हसायचा. वर्ष संपेपर्यंत मी उजवी झाले. मी राग धरला नाही. त्या वेळी सगळेच तसे शिकवायचे, आणि मी दहावी झाले ती त्यांच्यामुळेच.

ते मास्तर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उजवी बाजू लुळी पडलेली, चाकाच्या खुर्चीतून माझ्यासमोर आले. झटक्याने वाचाही बरीचशी गेलेली. दिवसाला चार-पाच शब्द, तेही जीभ जड झाल्यासारखे. मला ओळखलं की नाही कळलं नाही. मी वाकून पाया पडले तेव्हा डोळे भरून आले त्यांचे, पण तसे ते कशानेही भरून यायचे.

सोबत मुलगा गौरेश आणि सून अंकिता होती. दोघंही नोकरीवाले, सकाळी आठला घर सोडतात ते संध्याकाळी परत. गौरेशने आमच्या नर्सला, सिस्टर कोमलला, स्पष्टच सांगितलं. "तीन महिने बघूया. बाबा एका माणसाच्या आधाराने उठून खुर्चीत बसले आणि आपल्या हाताने जेवले, तर मी त्यांना घरी नेतो. दुपारी शेजारची बाई ताट वाढून जाईल, पण भरवायला तिला वेळ नाही. नाही जमलं तर मग त्यांनी इथंच राहायचं." तो हे अगदी मऊ आवाजात बोलला, आणि मला त्या मऊपणाचाच राग आला. अंकिता तर फोनमधून डोकं वर काढत नव्हती. हिला सासरा नकोच आहे, मी मनात म्हटलं.

मास्तर एकच शब्द सारखा म्हणायचे. "घरा." सकाळी अंग पुसताना, दुपारी जनेलातून बाहेर बघताना, औषध घेताना. घरा. मी म्हणायचे, "होय मास्तर, जातलांव." आणि मनाशी ठरवून टाकलं की यांना मी घरी, पार्सेला पोचवणारच.

उठणं-बसणं मी त्यांच्याकडून घासून घेतलं. पट्टा बांधायचा, पाय जमिनीवर घट्ट, नाक पुढे, तीन म्हटलं की उभं. पहिल्या महिन्यात दोघी लागायच्या, दुसऱ्यात मी एकटी पुरे झाले. इथपर्यंत सगळं छान होतं.

जेवणाचं मात्र पहिल्याच दिवशी चुकलं. मऊ शीत आणि वरणाची ताटली समोर ठेवून मी कुलेर मास्तरांच्या डाव्या हातात दिली. हात चांगला होता तेव्हा, त्याच हाताने त्यांनी सकाळी शर्टाची दोन बटणं लावली होती. त्यांनी त्या चमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तो खाली ठेवला. ओठ थरथरायला लागले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे डावे हात मोडून काढले त्याने सगळ्यांच्या देखत डाव्या हाताने जेवायचं? मला बघवेना. मी कुलेर उचलली आणि उजव्या हाताने पहिला घास त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी डोळे मिटून घेतला. मला इतकं समाधान वाटलं की काय सांगू.

मग ते रोजचंच झालं. बारा मिनिटांत जेवण संपायचं, शर्टावर एक थेंब नाही, गालात घास अडकलाय का ते मी बोट फिरवून बघायचे, तोंड पुसायचे, अर्धा तास ताठ बसवून ठेवायचे. आमच्याकडे प्रत्येकाचा रोजचा तक्ता असतो. जेवणाच्या रकान्यात तीन चौकोन: स्वतः, मदतीने, भरवले. मी रोज 'मदतीने'वर खूण करायचे. खोटं लिहितेय असं मला एकदाही वाटलं नाही. मी मदतच करत होते ना?

ऑगस्ट संपत आला. एक दिवस दुपारी मी शेवटचा घास देऊन मास्तरांचं तोंड पुसत होते आणि बघते तर दारात कोमल उभी. सत्तावीस वर्षांची पेडण्याची पोरगी, माझ्या मुलीच्या वयाची, पण कामात कडक. ती आत आली, मास्तरांना नमस्कार केला, वाटीतली थोडी पेज ताटलीत ओतली आणि कुलेर त्यांच्या डाव्या हातात दिली.

"मास्तर, एक घास तुम्ही घ्या बघू."

हात उठला. छातीपर्यंत आला आणि पानासारखा थरथरायला लागला. पेज मांडीवर सांडली आणि हात खाली पडला. जूनमध्ये बटणं लावणारा हात तो. दोन-अडीच महिन्यांत त्याला कुणी एक काम सांगितलं नव्हतं. बटणंही मीच लावायचे, केसही मीच विंचरायचे, चष्मासुद्धा मीच नाकावर बसवायचे.

कोमलने मला बाहेर व्हरांड्यात नेलं. "ताई, तक्त्यावर मदतीने लिवल्यात, ता म्हंजे काय?"

"म्हंजे मी मदत केलंय."

"तुमी तेंच्या तोंडात घातलात."

"मगे ती मदत न्हय?"

"नाय ताई. ता भरवणां. मी काल गौरेशाक फोनार सांगलंय, बाबा आपल्या हातान जेवतत, फक्त थोडी मदत लागता. तो बारा दिवसांनी बघूक येता."

माझं तोंड गप्प बसेना. "आणि इतके दिवस तू खंय होतीस गो? एकदा येवन बघूक नाय?"

मला वाटलं ही आता चवताळून उठेल. ती खाली बघत म्हणाली, "माझीय चूक आसा. मी कागद बघीत रवलंय." मग तिने डोळे वर केले. "पण हात तेंचो गेलो. आता काय करूया ता सांगा."

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मला बसवेना. मी उभीच राहिले, जागा रिकामी असून. मास्तरांना घरी पोचवायचं म्हणून मीच त्यांना इथं खिळवून टाकलं होतं. आणि आणखी एक गोष्ट डोक्यात टोचत होती. मला ते आवडत होतं. मास्तर फक्त माझ्या हातचं जेवतात, हे मी घरी, शेजारी, बसमध्ये सगळ्यांना सांगत फिरत होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सुरू केलं. ताटलीखाली ओला फडका, म्हणजे ती सरकू नये. कुलेरीच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड केला, म्हणजे मूठ नीट बसावी. मास्तरांना ताठ बसवलं, हनुवटी किंचित खाली. आणि मी समोर. कोमलने मला सांगितलं, "ताई, हात लावूक नाय. काय झाला तरी. वीस मिनटां थांबायचा, मगे उरलला भरवा, उपाशी दवरूक नाय."

वीस मिनिटं म्हणजे काय असतात ते मला त्या दिवशी कळलं. मास्तर तोंड उघडून बसले. मी बसले. ते माझ्याकडे बघत राहिले, मी भिंतीकडे. पेजेवर साय धरली. एक माशी आली, ताटलीच्या काठावरून चालायला लागली. माझे हात असे शिवशिवायला लागले की मी ते मांडीखाली दाबून ठेवले. बाहेर कुणीतरी बेल वाजवली, माझं अर्धं अंग उठलं. शेवटी वीस मिनिटं झाली आणि मी भरवलं.

मास्तर शिक्षक माणूस, हिशेब लगेच समजला त्यांना. दुसऱ्या दिवशीपासून ते शांतपणे वीस मिनिटं जनेलाबाहेर बघायचे आणि मग माझ्याकडे वळून तोंड उघडायचे. तिसरा दिवस, चौथा दिवस. माझं डोकं फिरायची पाळी आली. घरी भाजी चिरताना बोट कापून घेतलं. सखाराम म्हणाला, "गो, तुझा लक्ष खंय आसा?" मी त्याच्या अंगावर धावून गेले.

पाचव्या दिवशी मी हट्टाने कुलेर त्यांच्या हातात कोंबली. "घेवा मास्तर. घरा जावचा आसा मां? मगे घेवा."

त्यांनी ती मेजावर आपटली. आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "डावो. शी."

हातात ताकद नाही हे अर्धंच खरं होतं. डाव्या हाताने अन्नाला शिवायचं नाही, हे त्यांच्या हाडात होतं. आणि मीही पहिल्या दिवशी तेच मान्य करून घास भरवला होता. आम्हा दोघांनाही मास्तरांचा उपास चालला असता, मास्तरांचं इथं कुजणं चालत होतं, पण डावा हात चालत नव्हता. मला एकदम इतका राग आला की कान तापले. कुणाचा राग ते सांगता येणार नाही.

सहाव्या दिवशी मी माझा डबा घेऊन गेले. कामाच्या वेळी राहणाऱ्यांच्या मेजावर आम्ही जेवायचं नाही असा नियम आहे. कोमलला मी विचारलं, ती म्हणाली, "हात धुवन घेवा." मी मास्तरांची ताटली त्यांच्यासमोर ठेवली, माझा डबा माझ्यासमोर उघडला, भातात कढी कालवली. आणि डाव्या हाताने पहिला घास घेतला.

चव्वेचाळीस वर्षांनी. हात चुकला नाही. जणू काल सोडलं होतं.

मास्तरांनी बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. डावा तळवा त्यांनी मेजावर असा मारला की ताटली उडाली. "सुलू. उजवो."

सुलू म्हणाले ते, शाळेत मला म्हणायचे तसं. म्हणजे ओळखलं होतं. पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं, आणि त्यांच्या एका हाकेने माझा डावा हात थांबलाच, आठ वर्षांच्या पोरीचा थांबावा तसा. मी तो पुन्हा उचलला.

"नाय मास्तर. उजवो नाय." माझा आवाज चढला. पलीकडच्या मेजावरचे सगळे बघायला लागले, बघू देत. "हो हात तुमी बांधललो. वर्सभर. मी तुमका कदी काय म्हणाक नाय. आज सांगतंय. ह्याच हातान मी तुमचो पट्टो धरतंय. ह्याच हातान तुमका पुसतंय, ह्याच हातान तुमचा सगळा करतंय, कित्याक तर माझी ताकद ह्याच हातात आसा. तेव्हा वंगाळ दिसणा नाय तुमका. मगे जेवणातच काय वंगाळ आसा? सांगा माका."

त्यांनी नजर काढली नाही माझ्यावरून, आणि मीही काढली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी डाव्या हाताने कढीभात खात होते. अख्खा डबा संपवला. त्यांनी त्या दिवशी कुलेरीला हात लावला नाही. वीस मिनिटांनी मी भरवायला गेले तर तोंड घट्ट मिटून घेतलं. कोमलने नंतर त्यांना पेज पाजली, तिच्याकडून घेतली.

मी संपले, असं वाटलं मला. मास्तरांचा अपमान केला आणि हाती काही लागलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी चहा-पाव होता. पाव मऊ करून बशीत ठेवला होता. मी समोर बसले, हात मांडीखाली. मास्तरांनी इकडे तिकडे बघितलं, पलीकडच्या मेजावर कुणाचं लक्ष नाही असं बघून डाव्या हाताने पावाचा तुकडा उचलला. हात थरथरत वर गेला. नाकाला लागला, गालाला लागला, मग तोंडात गेला. त्यांनी चावला. गिळला. माझ्याकडे न बघता दुसरा उचलला.

मी हलले नाही. हलले असते तर संपलं असतं सगळं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. एक जेवण पाऊण तासाचं. अर्धं शीत शर्टावर, थोडं खाली, राहिलेलं पोटात. कुलेर पडायची, ते ती शोधत बसायचे, ती त्यांच्या करंगळीपासून चार बोटांवर असायची आणि मी सांगायचं नाही, द्यायची नाही. कोमल म्हणायची, "तोंडान सांगा, हातान करू नकात." मग मी नुसतं म्हणायचे, "कडेक आसा मास्तर, जरा अलतडी, तुमच्या बाजूक." माझी बाकीची माणसं मागे पडायला लागली, आठच्या जागी साडेनऊ वाजायला लागले. मीच मागे पडले, मी. दुसरी मदतनीस माझ्या वाटचं करायची आणि तोंड वाकडं करायची. मला रात्री दात खाल्ल्यासारखं जबड्यात दुखायचं. पण तक्त्यावर मी 'भरवले' टाळत नव्हते आता. जितकं भरवलं तितकं लिहीत होते, आणि ते कमी होत होतं. अकराव्या दिवशी दुपारी मी पहिल्यांदा 'स्वतः'वर खूण केली.

बाराव्या दिवशी रविवार होता. गौरेश आणि अंकिता साडेबाराला आली. मास्तरांना मी नवा पांढरा शर्ट घातला होता, लुळा हात आधी. बटणं त्यांनी स्वतः लावली, एक चुकीच्या काजात. मी ते तसंच ठेवलं.

उठून खुर्चीत बसणं गौरेशला दाखवलं, तो खूश झाला. मग ताटली आली. त्याने बापाच्या डाव्या हातात कुलेर बघितली आणि त्याच्या कपाळावर आठी आली.

"डाव्या हाताने?" तो कोमलला म्हणाला.

"तोच हात काम करतो ना," कोमल म्हणाली.

मास्तरांनी पहिला घास घेतला. दुसरा. तिसरा घास हनुवटीवरून गळ्यात गेला. माणसं समोर बसलेली, मुलगा बघतोय, त्यांचा हात जास्तच थरथरायला लागला. चौथ्या घासाला कुलेर हातातून सुटली आणि मेजावर पडली. गौरेशचे डोळे भरले. त्याने ती पटकन उचलली, भात भरला आणि बापाच्या तोंडापाशी नेला.

"रवा बाबा, मी भरयतंय."

मास्तरांचं तोंड उघडायला लागलं होतं. मी बघितलं ते. अडीच महिन्यांची सवय. मी उठले आणि गौरेशचं मनगट धरलं.

"हात काढ."

"मावशी, माझो बापूस तो."

"माझे मास्तर ते. हात काढ."

"लोकांच्या देखत सांडीत, डाव्या हातान... तुमका काय वाटणा नाय?" त्याचा आवाज फुटला. "गणपतीच्या चवतीक घरात पंगत बसता. थंय बाबा असो जेवतलो? त्यापरीस हंयच बरो. मी येवन भरयन आयतवाराक."

"वाटता माका," मी म्हटलं. "वाटलां म्हणानच अडीच म्हयने मी भरयलंय. तक्त्यार मदतीने म्हणान लिवलंय. तुझो बापूस हंय इलो तेव्हा शर्टाची बटणां लावी होतो. मी तेंचो हात आळशी केलंय, तेंका घरा जावक मियाच आडवलंय. आता तू तीच चूक माझ्यासमोर करतंस. मी करूक दिवची नाय."

झालं, बोलून टाकलं. कोमल खाली बघत होती. नोकरी गेली तर जाऊ दे, असं मनात येऊन गेलं, आणि पुढच्याच क्षणी सखारामचा चेहराही येऊन गेला.

गौरेश कुलेर हातात घेऊन तसाच बसला. मग मास्तरांनी तोंड मिटलं. आणि डावा हात पुढे केला, मुलासमोर, तळवा वर करून. हात थरथरत होता पण खाली येत नव्हता. मी त्याचं मनगट केव्हाच सोडलं होतं. माझी बोटं पदर पिळत होती, पिळून पिळून कापड ओलं झालं.

बोलली ती अंकिता. इतका वेळ ती भिंतीला टेकून उभी होती. "दी तेंका," ती म्हणाली. "चवतीक पंगतीत मी तेंच्या वांगडा, बाजूक बसान. कोण काय म्हणता ता बघूया."

गौरेशने कुलेर बापाच्या हातात दिली.

उरलेलं जेवण सदतीस मिनिटं चाललं. शेवटी मास्तरांनी ताटलीच्या काठाला चिकटलेलं शीतसुद्धा खरवडून घेतलं. अंकिताने विचारलं, "सिस्टर, शनिवारी बाबांक घरा न्हेल्यार चलतला?" ही बाई फोनमध्ये डोकं घालून उभी असायची म्हणून मी तिला काय काय समजले होते. मला लाज वाटली.

कोमलने माझ्या नावाने तक्त्याची चूक लिहून वर कळवली. ते तिचं कामच होतं. मला एक लेखी समज मिळाली, ती मी कपाटात ठेवली आहे. ती देताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मला तिचा पुन्हा राग आला, पण थोडाच.

शनिवारी गाडी दाराशी आली. मी मास्तरांना पट्टा बांधून खुर्चीतून उठवलं, वळवलं, पुढच्या सीटवर बसवलं, पाय आत घेतले. त्यांनी पार्सेच्या दिशेला बघून "घरा" म्हटलं, आणि मी म्हटलं, "होय मास्तर, आज." मग सवयीने वाकून सीटबेल्ट ओढायला गेले.

मास्तरांनी माझं मनगट धरलं आणि बाजूला सारलं. "रव," म्हणाले.

त्यांनी डाव्या हाताने बेल्ट ओढला. तो अर्ध्यात अडकून मागे गेला. पुन्हा ओढला. गौरेश स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला, मागे अंकिता बसलेली. मनाला लागलं ते, खोटं कशाला सांगू. ज्या माणसाला इतके दिवस घास भरवला त्याने जाताना माझा हात बाजूला केला. आणि एवढ्यासाठीच तर मी बारा दिवस मरत होते. मी गाडीचं दार धरून उभी राहिले, आणि ते बकल शोधत राहिले.